शेजारचा ब्रेक

थांबा, आधी मला सगळं सलग सांगू द्या. मध्येच कुणी 'मग काय झालं, मग काय झालं' करायचं नाही, कारण मी तेच सांगतेय.

आमची ठकी तुम्ही पाहिलीये. आईच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. मूळची पांढरी, आता कुठल्या रंगाची ते तुम्हीच ठरवा. मागच्या काचेवर 'शिकाऊ' लिहिलेलं होतं, त्यातला 'शि' कधीच उडून गेलाय, त्यामुळे आम्ही गावभर 'काऊ' लावून फिरतो. दादा म्हणतो, बरोबरच आहे, आवाजही तसाच येतो.

तर ठकीची खासियत काय, की तिला शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणारा स्टिअरिंगवर, आई त्याच्या शेजारी, आणि आईचा पाय तिच्या ब्रेकवर. आता आईची शिकवायची पद्धत ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. आई ओरडत नाही. बाकीचे शिकवणारे कसे 'अहो ब्रेक! ब्रेक मारा! मारलंत का मला!' असे किंचाळतात, तसं नाही. आई नुसती दाबते. गाडी थांबते. मग आई 'हं' म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. बस. म्हणून तर माणसं लांबून लांबून येतात तिच्याकडे. 'बाई अजिबात चिडत नाहीत हो!' आणि आईची फुशारकी एकच, की माझ्या गाडीला आजवर कुणी ओरखडासुद्धा पाडलेला नाही.

बाबा गाडी चालवतच नाहीत. म्हणतात, घरात एक शिकवणारी आहे तेवढी पुरे.

तर झालं काय, आईने ठकीला गॅरेजात नेली. आमच्या नेहमीच्या मिस्तरींनी तिला वर चढवली, खालून टॉर्च मारला, आणि कितीतरी वेळ बाहेरच येईनात. मग आले आणि हात पुसत पुसत आईला म्हणाले, "ताई, शेजारच्या ब्रेकचा दांडा झिजलाय. अर्धा पाय नुसता हवेत जातो, मग कुठे पकडतो."

आई म्हणाली, "माहितीये मला."

"क्लचप्लेट गेलीये. रेडिएटर गळतोय. ताई, एकतर मला आठवडाभर गाडी द्या, नाहीतर भंगारवाल्याला कायमची द्या. हे रोज थोडं थोडं दुखणं काढू नका."

आरटीओच्या तपासणीची तारीख तोंडावर आलेली. तशा अवस्थेत ठकी पास होणार नाही हे मिस्तरींना माहीत, आईला माहीत, ठकीलाही माहीत असणार. म्हणजे आता ठरवायलाच हवं होतं. ठेवायची की काढायची.

आणि माझं सगळं त्यावर लटकलेलं! शिकवण्याचं लायसन माझ्या हातात येऊन पडलं होतं. मी परीक्षा दिली, पास झाले, पेढे... बरं, पेढे राहू दे, सांगायचं हे की मी लायक होते, कागदावर तरी. पण आई मला त्या सीटवर बसूच देईना. "तो ब्रेक माझ्या पायाला माहितीये," म्हणायची. "तुझा पाय अर्धा हवेत गेला की तू बिचकशील. तेवढ्यात कुणीतरी गाडीखाली येईल." म्हणजे ठकी आहे तोवर मी बाकावर. लोकांना खुणांचा तक्ता दाखवायचा, 'हा गोल म्हणजे काय, हा त्रिकोण म्हणजे काय', आणि शटर वरखाली करायचं.

त्यात समोरच्या रस्त्यावरच्या स्कूलवाल्यांनी मला विचारलेलं. त्यांच्याकडे चकाचक गाड्या, एसी वगैरे. 'सोमवारपासून ये, पहिल्या दिवसापासून शिकवायला बसवतो.' मी त्यांना म्हटलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगते. हे फक्त दादाला माहीत होतं. मी मनाशी ठरवलं होतं, आईने नवी गाडी घेतली तर इथेच, नाहीतर चालले मी. आईला सोडून समोर जाऊन बसायचं, रोज शटरमधून तिला दिसायचं... पण मी तरी किती दिवस त्रिकोण दाखवू?

शनिवारी सकाळी दादाने आईला कसंबसं शोरूमला नेलं. ठकीतूनच गेलो आम्ही, आई चालवत होती, आणि दारातला वॉचमन ठकीला आतच सोडेना. त्याला वाटलं आम्ही ती विकायला आणलीये. आईचं तोंड तिथेच बिघडलं.

शोरूमवाला म्हणजे टायबिय लावलेला एक उत्साही प्राणी. "या मॅडम, बसा मॅडम, दार असं लावा मॅडम, हळूच." चक्कर मारायला गाडी दिली. मी स्टिअरिंगवर, आई शेजारी, दादा आणि शोरूमवाला मागे. काय गाडी होती रे! आवाजच नाही. मला दोनदा वाटलं बंद पडली. मी पुन्हा चालू करायला गेले तर शोरूमवाला मागून "चालू आहे मॅडम, चालू आहे!"

आई नुसती बसलेली. हात मांडीवर. पाय समोर मॅटवर, कॅनव्हासचे बूट, शेजारी शेजारी ठेवलेले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून सारखी तिच्याकडे बघतेय, आवडली का, आवडतेय का. दादा मागून तिला ऐकू जाईल असं बोलतोय, "काय पिकअप आहे! आई, गार हवा येतेय का तुला? कमी करायची का?" आई म्हणाली, "तू कमी बोल."

गोदामांचा सरळ रस्ता संपला आणि पाण्याच्या टाकीकडचा उतार लागला. तिथे फाटकातून एक टँकर मागे मागे आला. एकदम. शिट्टी मारणारा माणूस नाही, काही नाही, सरळ रस्त्यात आडवा.

आता नीट ऐका. मला टँकर दिसला. उशिरा वगैरे नाही, चांगला पूर्ण दिसला, त्याच्या मागच्या नळातून पाणी ठिबकत होतं तेसुद्धा दिसलं. माझा पाय अॅक्सिलरेटरवरून उठला. आणि उठलेलाच राहिला. ब्रेकवर गेलाच नाही रे! हवेत. मी बघतेय, टँकर मोठा मोठा होतोय, आणि मी अगदी शांत. भीतीसुद्धा वाटली नाही मला, हेच तर भयंकर आहे. मी कशाची तरी वाट बघत होते.

आणि शेजारून आवाज आला, थप्! आईचा पाय मॅटवर. परत, थप्! जोरात. आईने तिथे ब्रेक मारला जिथे ब्रेकच नव्हता.

मग गाडीतच काहीतरी कर्कश वाजलं, गाडीने गचकन धक्का दिला, माझी छाती पट्ट्यात अडकली आणि आम्ही थांबलो. टँकरचा तो नळ समोरच्या काचेत. पाणी ठिबकतंय ते आमच्या बॉनेटवर.

टँकरवाला खाली उतरून आम्हालाच शिव्या देत होता, त्या काचेतून नुसत्या दिसत होत्या.

मग शोरूमवाल्याचा आवाज फुटला. त्याचा टाय खांद्यावरून मागे गेलेला, कपाळावर घाम, पण पठ्ठ्या बोलला, "बघितलंत मॅडम? समोर काही आलं की ही स्वतःच ब्रेक मारते. हेच... हेच मी परत गेल्यावर सांगणार होतो."

दादा म्हणाला, "बाप रे. बाप रे. वाचलो."

आई माझ्याकडे वळली. "ब्रेक कुणी मारला?"

दादा म्हणाला, "अगं, गाडीने मारला, तो सांगतोय ना..."

"मी हिला विचारतेय. तू का नाही मारलास?"

मी म्हटलं, "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तू मारशील."

आईने ओरडायला हवं होतं. खरंच सांगते, कानाखाली दिली असती तरी चाललं असतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिच्याच शेजारी शिकले ना! मैदानात शिकले, बाजारात शिकले, लायसनच्या आधी आणि नंतरही, जेव्हा जेव्हा ठकी हातात घेतली तेव्हा आई शेजारी, तिचा पाय तिथे. मी ब्रेक मारायचे, नाही असं नाही. पण जिथे खरंच काही अंगावर येतंय तिथे आईचा पाय माझ्या आधीच पोचलेला असायचा. मला कधी कळलंच नाही की मी पोचतच नाहीये.

आई उतरली, मला बाजूला केलं आणि गाडी परत शोरूमला स्वतः घेऊन आली.

तिथे पार्किंगमध्ये दादा जो सुटला! "आता तरी पटलं ना? गाडीने जीव वाचवला आपला! ठकी असती तर? तो अर्धा पाय हवेत जाणारा ब्रेक, आणि समोर टँकर! आणखी काय पाहिजे तुला?"

"वाचवला," आई म्हणाली. "ते खरं आहे. आपल्याला घरच्या वापराला हवी असती तर आज घेतली असती."

"मग?"

"मला शिकवायचंय. माझा पाय शेजारी आहे म्हणून हिचा पाय ब्रेकवर गेला नाही, माझ्या पोटच्या पोरीचा. ह्या गाडीत शिकलेला माणूस उद्या कुणाच्या जुन्या टेम्पोत बसेल, तेव्हा ब्रेक कोण मारणार?"

शोरूमवाला पटकन पुढे झाला. "मॅडम, ते बंद करता येतं. बटण आहे."

आईने माझ्याकडे बोट केलं. "आणि हिचं बटण कुठाय?"

शोरूमवाल्याने खरंच क्षणभर माझ्याकडे बघितलं, शोधत असल्यासारखं. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मला फक्त जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं. कारण संपलं होतं ना सगळं. नवी गाडी गेली. आणि ती सीटही गेली, कोण बसवणार आता मला तिथे? मी मनातल्या मनात समोरच्या स्कूलचा फोन लावत होते, आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, त्यांच्याकडे जाऊन तरी काय शिकवणार आहेस, बाई?

आईने ठकीची किल्ली माझ्यापुढे धरली. "चालव."

"मी?"

"मी मागे बसते."

दादा सवयीने पुढचं दार उघडून शेजारी बसायला गेला. आई म्हणाली, "मागे ये. तिथे कुणी बसायचं नाही."

तुम्ही कधी रिकाम्या सीटशेजारी गाडी चालवलीये का? म्हणजे तुम्ही रोजच चालवत असाल. मी नव्हती चालवली. ती दोन पेडलं तिथे नुसती, झिजून चकचकीत झालेली, आणि त्यांच्यावर कुणाचाच पाय नाही. ठकीचा माझ्या बाजूचा ब्रेक चांगला होता, त्याला काही धाड भरली नव्हती, पण माझे हात घामाने स्टिअरिंगवरून घसरत होते.

पहिल्याच सिग्नलला मी इतक्या लांबून आणि इतक्या जोरात ब्रेक दाबला की दादाचं डोकं माझ्या सीटवर आपटलं, ठकी बंद पडली आणि मागचे सगळे हॉर्न घेऊन बसले. दादा ओरडला, "अगं सिग्नल पुढच्या चौकात आहे!" मी आरशात बघितलं. आरशात आईचा एकच डोळा दिसत होता. तो डोळा काहीच म्हणत नव्हता.

पुन्हा चालू केली. पुढे बस थांबलेली, तिच्यामागे उगाच रखडत बसले. मग एका सायकलवाल्याने मागे भले लांब पाइप बांधलेले, तो कडेने चालला होता आणि अचानक वळला. हात नाही दाखवला, काही नाही. पाइपांची टोकं झाडूसारखी रस्त्यावरून फिरत माझ्या दिव्यांपुढे आली. माझा पाय उठला. आणि बघा, परत तेच! परत एक क्षण तो तिथे लटकला, सवयीने, आणि मला तो लटकलेला कळला. मला माझाच पाय कळला. मी ब्रेक मारला. ठकी कुरकुरत, थरथरत थांबली. पाइप निघून गेले.

मागून 'हं' आलं नाही. मी किती वाट बघितली त्याची! मग मागचा रिक्षावाला वैतागला, तेव्हा निघाले.

आईने घरी नाही, सरळ मिस्तरींकडे घ्यायला लावली. मिस्तरी चहा पीत होते. आई खाली उतरली आणि म्हणाली, "ठेवा आठवडाभर. क्लचप्लेट, रेडिएटर, काय काय आहे ते सगळं करा. दांडा लेथवर नवा करून घ्या."

दादाने दोन्ही हात वर केले. "झालं! अरे, म्हणजे आपण सकाळपासून काय केलं?"

मिस्तरींनी कप ठेवला. "शेजारचा ब्रेक कसा ठेवू ताई? तुमच्या पायाला सवय आहे तसा ढिला, की जरा कडक?"

आई म्हणाली, "हिला विचारा. हिला बसवा आणि हिच्या पायाने लावा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मिस्तरींनाही वाटलं, ते एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे. मी म्हटलं, "आई, मी आत्ता आपल्याला सगळ्यांना टँकरवर घालत होते."

"हो, घालत होतीस." आई गॅरेजच्या बाकावर बसली. जरा वाकून तिने बुटाची नाडी सोडली, परत बांधली. "मी मोकळ्या मैदानात एकटी शिकले. शेजारी कोण होतं माझ्या? मला कधी कुणी ब्रेक मारून दिलाच नाही. त्यामुळे वाट बघणारा पाय कसा असतो ते मला ठाऊकच नाही. समोर दिसलं की मी दाबून मोकळी." तिने गाठ ओढून पाहिली. "किती माणसं माझ्या पायावर पास होऊन गेली असतील गं? मला तर वाटायचं, मी शिकवतेय."

दादाने मिस्तरींचा कप उचलून उगाच दुसरीकडे ठेवला.

"तुला आता माहितीये तो पाय," आई म्हणाली. "दिसेल तुला. मला दिसत नाही." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "आणि समोरच्यांना काय कळवलंस?"

मी दादाकडे बघितलं. दादा छताकडे. घरभेदी मेला!

"अजून काही नाही," मी म्हटलं.

"मग कळव काय ते. माणसं ताटकळलीत तिकडे."

मी तिथेच, मिस्तरींच्या टायरवर बसून फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. आवाज फाटला माझा, त्यांना वाटलं रडतेय.

तर ठकी परत आली, तपासणीत पास झाली, आणि काल माझा पहिला विद्यार्थी. दाताचे डॉक्टर. ज्यांच्या खुर्चीत बसायला अख्खी वस्ती घाबरते ते, आणि स्टिअरिंगवर बसले की त्यांचेच दात वाजतात. आईकडे ते कधीपासून शिकतायत आणि त्यांना वाटतं त्यांना येतं. आई शटरपाशी उभी राहिली, आली नाही बरोबर.

डॉक्टर निघाले. छान चालवत होते, खरंच. माझा पाय ब्रेकवर, दांडा नवा, नुसतं टेकवलं तरी पकडेल असा. आणि मी समोर कमी, त्यांच्या बुटाकडे जास्त बघत होते. मग वळणापलीकडे कचऱ्याची गाडी उभी. आम्ही काही वेगात नव्हतो. डॉक्टरांना दिसली, हे मला दिसलं. त्यांचा पाय उठला. आणि लटकला!

रस्त्यात गटाराचं एक झाकण होतं. मी मनात म्हटलं, त्याच्या पुढे चाक गेलं की मी दाबणार. त्याच्या आधी नाही. आईने कधीच दाबला असता. मी म्हटलं, "डॉक्टर, मी नाही मारणार."

ते म्हणाले, "आँ?"

"मी ब्रेक मारणार नाहीये."

पाय तसाच. झाकण येतंय. माझ्या पोटरीत गोळा आला, पाय आपोआप खाली जायला बघतोय, आणि मी त्याला वर धरलाय. कचरेवाली बाई खराटा घेऊन आमच्याकडे बघतेय. मी तोंडातून शब्द काढला नाही. जीभ चावून धरली होती, नंतर चव आली रक्ताची.

डॉक्टरांनी ब्रेक मारला. असा मारला की चष्मा मांडीवर. ठकी बंद पडली, आणि ते झाकण कुठे होतं माहितीये? बॉनेटखाली गेलेलं, पण चाक अलीकडेच.

डॉक्टरांनी चष्मा शोधला. कपाळ पुसलं. माझ्याकडे जरा रागानेच बघून म्हणाले, "तुम्हीच मारलात ना शेवटी?"

मी पाय उचलून त्यांना दाखवला.

"तुम्ही मारलात," मी म्हटलं. "गाडी चालू करा. अजून बाजार लागायचाय."